भित्यापाठीं वावटळ

आमच्या एका वाचक-भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आम्हांस आलें. त्यांच्या जांवयांस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओक्लाहोमा येथें नोकरी लागली असून येत्या फाल्गुनांत कन्येचें बिऱ्हाड तिकडे व्हावयाचें आहे. त्या प्रांतांत टॉर्नेडो, म्हणजे प्रचंड विध्वंसक वावटळी, होतात हें ऐकल्यापासून मुलीला इतकी धास्ती बसली आहे कीं तिला धड जेवण जात नाहीं व रात्रीं झोंप लागत नाहीं. घरांतील पुरुषमंडळी तिची थट्टा करतात, सासूबाई पत्रिका दाखवूं म्हणतात, आणि आईला मात्र मुलीचें भय खरेंच वाटतें. "हिला जाऊं द्यावें कीं नाहीं? आणि जाऊं द्यावयाचें तर हिच्या मनांतून हें भय कसें काढावें?" असा बाईंचा सवाल आहे.

दुसऱ्यांच्या घरगुती प्रश्नावर दुरून मत देण्यास आम्ही सहसा कचरतों. परंतु हाच प्रश्न आमच्या घरांत एकदां येऊन गेलेला आहे, आणि त्या वेळीं सर्वांत मोठी चूक कोणाची झाली असेल तर ती आमचीच. तेव्हां मत म्हणून नव्हे, तर कबुलीजबाब म्हणून ही हकीकत सांगत आहों. हल्लीं सुशिक्षित घरांपैकीं क्वचितच एखादें असें असेल कीं ज्याची एक तरी फांदी परदेशीं गेलेली नाहीं. त्यामुळें ती इतरांच्याही उपयोगीं पडेल अशी उमेद वाटते.

आमच्या वडील बंधूंची कन्या चार वर्षांपूर्वीं पतीसह व वर्षाच्या मुलीसह ओक्लाहोमा सिटी या राजधानीच्या गांवीं राहावयास गेली. जांवयांची नोकरी तेथून दक्षिणेस सुमारें वीस मैलांवर असलेल्या नॉर्मन येथें. या दोन गांवांच्या मधोमध मूर नांवाचें एक गांव आहे व जाण्यायेण्याचा रस्ता त्यांतूनच जातो. ३ मे १९९९ रोजीं याच मूरवरून एक भयंकर वावटळ गेली. तिच्या पोटांतील वाऱ्याचा वेग ताशी ३०० मैलांच्या आसपास मोजला गेला आणि तिच्या एकंदर मार्गांत ३६ माणसें दगावलीं. ८ मे २००३ रोजीं आणखी एक वावटळ या गांवावर आली. २० मे २०१३ रोजीं आणखी एक मोठी वावटळ आली. तिनें २४ बळी घेतले, आणि त्यांपैकीं सात जण एकाच प्राथमिक शाळेंतील मुलें होतीं. आमच्या पुतणीनें हें सर्व जाण्यापूर्वींच वाचून ठेविलें होतें. घरें काडेपेट्यांसारखीं उधळलीं जात असल्याचीं चित्रें ती मोबाईलवर रात्र रात्र पाहत असे.

एके दिवशीं जेवणें झाल्यावर तिनें सर्वांसमक्ष विचारलें, "काका, मला फार भीति वाटते. मी काय करूं?" आमचें मूळ घराणें श्रीवर्धनकडील. आम्हीं सुपारी कातरतां कातरतां हंसून म्हटलें, "अग, आपण कोंकणांतलीं माणसें. वादळाला काय भ्यावयाचें? भित्यापाठीं ब्रह्मराक्षस!" सगळे हंसले, तीही हंसली, आणि त्यानंतर तिनें हा विषय पुन्हां काढला नाहीं. आम्हीं तिचें मौन हेंच तिचें धैर्य समजलों.

तें धैर्य नव्हतें, हें आम्हांस फार मागाहून कळलें. तेथें गेल्यावर पहिले दोन महिने, आकाशांत ढग आला कीं ही मुलगी लेंकराला घेऊन बिनखिडकीच्या न्हाणीघरांत जाऊन बसत असे, आणि पति घरीं येईपर्यंत बाहेर पडत नसे. पुण्याला फोनवर मात्र "सगळें ठीक आहे" म्हणून सांगे. कारण भयाबद्दल बोललें कीं घरचीं माणसें हंसतात, एवढेंच आम्हीं तिला शिकविलें होतें.

आमचा कोंकणाचा दाखलाही किती चुकीचा होता पाहा. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यावर चढलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं. पण तें येणार हें एकदोन दिवस आधीं कळलें होतें आणि किनाऱ्यावरील लोकांस हलविण्यास सवड मिळाली. समुद्रावरील चक्रीवादळ शेंकडों मैल पसरलेलें असतें व सावकाश येतें. टॉर्नेडोचें तसें नाहीं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उबदार दमट हवा, पश्चिमेकडील उंच पठारांवरून येणारी कोरडी हवा आणि वरच्या थरांतील थंड वारे हीं तिन्हीं त्या सपाट मुलुखावर एकमेकांस भिडतात. त्यांतच उंचीप्रमाणें वाऱ्याची दिशा व वेग बदलत गेले म्हणजे गडगडाटी मेघ आपल्याभोंवतींच फिरूं लागतो, आणि अशा एखाद्या फिरत्या मेघाच्या पोटांतून हवेचा भोंवरा जमिनीस येऊन टेकतो. बहुतेक वावटळींचा पट्टा कांहीं शें फुटांपलीकडे रुंद नसतो व त्या थोड्या मिनिटांत विरून जातात. इशारा आणि आघात यांच्यामध्यें सरासरी दहाएक मिनिटें मिळतात. दोन दिवस आणि दहा मिनिटें यांचें भय एकाच मापानें मोजण्याचा शहाणपणा आम्हीं केला होता.

गेल्या वैशाखांत आम्ही उभयतां तिच्याकडे तीन महिने जाऊन राहिलों. पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं शनिवार होता. दुपारीं बाराच्या ठोक्याला एकाएकीं सगळा आसमंत भोंग्यांच्या आवाजानें भरून गेला. आमच्या हातांतील चहाची कपबशी खालीं पडली. मंडळींनीं देवाचें नांव घेतलें. स्वयंपाकघरांतून आमची पुतणी शांतपणें म्हणाली, "काका, घाबरूं नका. शनिवारचे बारा वाजले. आकाश स्वच्छ असलें कीं दर शनिवारीं या वेळीं भोंग्यांची परीक्षा असते." इतक्यांत पांच वर्षांची नात पायांत बूट अडकवून गाडीखान्याच्या दाराशीं जाऊन उभी राहिली व ओरडली, "आजोबा, तालीम!"

गाडीखान्याच्या जमिनींत एक लोखंडी पेटीवजा तळघर बसविलेलें आहे. वर सरकतें झांकण, आंत उतरावयास पायऱ्या आणि दोन बाजूंस बाकें. त्या मुलुखांत घरांखालीं तळमजले फारसे नसतात. म्हणून अनेक लोक असें आश्रयस्थान जमिनींत पुरून घेतात, आणि घर कोसळलें तरी शोधणाऱ्यांस ठिकाण माहीत असावें म्हणून त्याची नोंद नगरपालिकेकडे करून ठेवितात. तेथें पाण्याच्या बाटल्या, विजेरी, औषधें, महत्त्वाच्या कागदांच्या नकला आणि पांच हेल्मेटें ठेविलेलीं होतीं. अशा वादळांत माणसें बहुधा उडत्या लाकडांनीं, विटांनीं व कांचांनीं जखमी होतात. म्हणून डोकें आधीं झांकावयाचें. पुण्यांत सरकारनें कितीही कायदे केले तरी आम्हीं जें उभ्या जन्मांत डोक्यावर चढूं दिलें नाहीं, तें शिरस्त्राण नातीनें आमच्या डोक्यावर बसवून त्याचा पट्टा आवळला. आमच्या गुडघ्यांमुळें पहिल्या दिवशीं उतरावयास दोन मिनिटें लागलीं. तिसऱ्या शनिवारीं आम्ही पाऊण मिनिटांत खालीं होतों.

ही दोन महिने न्हाणीघरांत बसणारी मुलगी अशी कशी बदलली, हें आम्हीं तिला विचारलें. ती म्हणाली, "शेजारच्या आजीबाईंनीं मला कधीं 'घाबरूं नकोस' म्हटलें नाहीं. त्यांनीं विचारलें, 'वावटळ आली तर तूं कोठें जाणार?' मला सांगतां आलें नाहीं. मग त्यांनीं माझ्या घरांतून हिंडून जागा दाखविली. त्या रात्रीं मी पहिल्यांदां झोंपलें." त्यानंतर ती जी शिकली तें एवढेंच, कीं भयाला घराबाहेर घालवितां येत नाहीं, पण त्याला घरांत कामाला लावितां येतें.

या गोष्टीला त्याच गांवचा एक ऐतिहासिक आधारही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यांत असा रिवाज पडला होता कीं अंदाज देतांना 'टॉर्नेडो' हा शब्द उच्चारावयाचा नाहीं. कारण काय, तर लोक घाबरतील! १८ मार्च १९२५ रोजीं मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून एकच वावटळ दोनशेंहून अधिक मैल धांवत गेली आणि ६९५ माणसें मेलीं. लोकांना कोणीं पूर्वसूचना दिलेली नव्हती. पुढें २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमा सिटीजवळील टिंकर या विमानतळावर वावटळ पडून विमानांचा चुराडा झाला. तेव्हां तेथील लष्करी अधिकाऱ्यांनीं फॉबुश व मिलर या आपल्या दोघां हवामानतज्ज्ञांस, अशा वादळांचा अंदाज बांधतां येईल काय हें पाहावयास सांगितलें. पांचच दिवसांनीं, २५ मार्च रोजीं, दोघांस आकाशाचीं लक्षणें पहिल्यासारखींच दिसलीं. त्यांनीं भीत भीत पण स्पष्ट शब्दांत 'टॉर्नेडो होईल' असा अंदाज दिला. हलविण्याजोगीं विमानें आंत घेतलीं, माणसें सुरक्षित जागीं गेलीं, आणि संध्याकाळीं खरोखरच वावटळ त्याच तळावर आली. दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, खात्यानें शब्दावरील बंदी उठविली. आज त्या राष्ट्रांत वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें बाराशें वावटळी होतात. असें असूनही वर्षाच्या मृत्यूंची सरासरी सत्तरएक इतकीच आहे.

लोक घाबरतील म्हणून शब्द गिळणारें तें खातें, आणि मुलगी घाबरते म्हणून तिचें तोंड बंद करणारे आम्ही, यांत फरक तो काय? दोघांनींही भयाचें नांव घेऊं दिलें नाहीं, आणि त्यामुळें भयाला उपायापर्यंत पोंचूं दिलें नाहीं.

आतां खरा प्रसंग. ज्येष्ठ लागतांच एके दिवशीं दुपारीं नॉर्मन येथील वादळ-अंदाज केंद्राकडून 'टॉर्नेडो वॉच' जाहीर झाला. याचा अर्थ एवढाच, कीं या टापूंत आज वावटळी होण्याजोगी हवा आहे, सावध राहा. आमच्या पुतणीनें मोटार आंत घेतली, फोन विजेला लावून भरून ठेविले, सर्वांस बूट घालावयास लाविले आणि मग नेहमींप्रमाणें कुकर चढविला. संध्याकाळीं सहाच्या सुमारास हवा पडली. पश्चिमेचा ढग हिरवट काळा दिसूं लागला व लिंबाएवढ्या गारा पडूं लागल्या. आणि एकदम घरांतील सगळे फोन एका सुरांत ओरडले: 'टॉर्नेडो वॉर्निंग'. वॉच म्हणजे सावधगिरी, आणि वॉर्निंग म्हणजे वावटळ प्रत्यक्ष दिसली आहे अथवा रडारवर तिचें लक्षण उमटलें आहे, आतां क्षणही दवडूं नका. पाठोपाठ भोंगे सुरू झाले. तो शनिवार नव्हता.

आम्ही पांच जणें खालीं उतरलों व झांकण सरकलें. तिन्हीसांजेची वेळ. मंडळींनीं सहजच रामरक्षा सुरू केली, आणि हेल्मेट घातलेली नात तिच्या मागून म्हणूं लागली. आमच्या छातीची धडधड आम्हांस ऐकूं येत होती, हें सांगण्यास आतां संकोच वाटत नाहीं. वर गारांचा मारा चालला होता. पुतणी एका हातानें मुलीला धरून दुसऱ्या हातांतील फोनवर ढगाची वाट पाहत होती, तोंच त्यावर पुण्याहून आमच्या वहिनींचा फोन आला. पुण्यांत तेव्हां पहाटेचे साडेचार वाजले होते. वहिनी रात्रभर उशाशीं फोन घेऊन जाग्या होत्या, हें पुढें कळलें. पुतणी म्हणाली, "आई, आम्ही खालीं आहोंत, सगळीं आहोंत. वर आलें कीं मीच फोन करतें," आणि तिनें फोन ठेविला. तिचा आवाज कांपत होता, पण वाक्य ठरलेलें होतें, आणि ठरलेलें वाक्य कांपत्या आवाजांतही पुरें होतें. पाऊण तासानें आम्ही वर आलों. वावटळ जमिनीस टेकलीच नव्हती. अंगणांतील एक झाड मोडलें होतें, मोटारी आंत असल्यामुळें वांचल्या होत्या, आणि कुकरमधील भात अजून ऊन होता. पुतणीनें हात धुण्यापूर्वीं आईला फोन केला.

"म्हणजे उगीचच खालीं गेलों," असें आमच्या तोंडून निघून गेलें. पुतणी म्हणाली, "काका, दर चार इशाऱ्यांपैकीं सुमारें तीन असेच जातात. चवथा कोणता हें आधीं ओळखतां आलें असतें तर इशाऱ्याची गरजच नव्हती." लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांस सांगतों. पण येथें ओरडणारा पोरगा खोटारडा नाहीं, लांडगाच लहरी आहे.

या लहरीपणाला कंटाळून लोक बेफिकीर झाले कीं काय होतें, हें मिसूरींतील जोप्लिन गांवानें पाहिलें आहे. २२ मे २०११ रोजीं तेथें वावटळीनें १५८ बळी घेतले. मागाहून झालेल्या सरकारी तपासणींत दिसून आलें, कीं भोंगे वरचेवर ऐकण्याची संवय झालेले अनेक जण लगेच हलले नाहींत. खरेंच कांहीं आहे काय याची दुसरीकडून खात्री करून घेण्यांत त्यांचीं मोलाचीं मिनिटें गेलीं.

दुसरें टोंक तितकेंच घातक. ३१ मे २०१३ रोजीं, म्हणजे मूरच्या त्या शेवटच्या अनर्थानंतर अकराच दिवसांनीं, जवळच्या एल रिनो येथें अडीच मैलांहून अधिक रुंदीची वावटळ उठली. एवढी रुंद वावटळ आजवर दुसरी मोजलेली नाहीं. मूरची आठवण ताजी असल्यामुळें घाबरलेले असंख्य लोक घरें सोडून मोटारींतून पळत सुटले आणि रस्ते तुंबून गेले. वावटळीनें त्या दिवशीं जे आठ जण मारले ते सारे मोटारींत सांपडलेले होते. त्यांत टॉर्नेडोंचा अभ्यास करणारे नामांकित संशोधक टिम सॅमरस हेही होते. जोप्लिनला भय कमी पडलें आणि एल रिनोला भयाला दिशा नव्हती. भय किती आहे यापेक्षां तें आपल्याला कोठें घेऊन जातें हें महत्त्वाचें.

आतां पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या कन्येसाठीं कांहीं रोकडीं कामें सांगतों. बिऱ्हाड पाहतांनाच घरमालकास आश्रयस्थानाविषयीं विचारावें. तळघर नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील, घराच्या मध्यभागची, बिनखिडकीची लहान खोली ठरवावी. न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली चालते. तेथें बूट, विजेरी, पाणी, औषधें व डोक्यास हेल्मेट ठेवावें, आणि अंगावर घेण्यास गादी जवळ असावी. चाकांवरून आणलेल्या हलक्या घरांत राहूं नये, आणि राहणें भाग पडल्यास वॉच जाहीर होतांच भक्कम इमारतींत जावें. हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्या हा जुना समज खोटा आहे, त्यांत वेळ दवडूं नये. रस्त्यावरील पुलाखालीं आसरा घेऊं नये. १९९९ सालीं तसें करणारे कांहीं जण प्राणांस मुकले. भोंगे घराबाहेरील माणसांसाठीं असतात, ते झोंपेंत ऐकूं येतीलच असें नाहीं. म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान-रेडिओ उशाशीं असावा. आणि महिन्यांतून एकदां तरी आकाश निरभ्र असतांना मुलांबाळांसह तालीम करावी. मुलें आईबापांचें तोंड पाहून भितात, आणि त्यांचे हात पाहून धीर धरतात.

चित्रफिती पाहणें मात्र बंद करावें. ज्ञान व्हावें म्हणून एकदां पाहिलें तें पुरे. पुढचें पाहणें हें जखमेची खपली काढणें आहे. अंदाज दिवसांतून एकदां, आणि वॉच असेल तरच वरचेवर पाहावा. आंकडेही जवळ ठेवावे. बहुतेक वावटळी दुबळ्या असतात. फुजिता या शास्त्रज्ञांनीं १९७१ सालीं घातलेल्या मोजणीच्या सुधारलेल्या रूपांत शून्यापासून पांचपर्यंत पायऱ्या आहेत, आणि पांचवीवर पोंचणारी वावटळ हजारांत एकही भरत नाहीं. २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें दगावलीं, पण भाजी आणावयास जातांना आपली छाती धडधडत नाहीं. हें मुलीला लाजविण्यासाठीं नव्हे, तर भय हें धोक्याच्या नव्हे, अनोळखीपणाच्या मापानें वाढतें हें तिच्या ध्यानीं यावें म्हणून सांगावें. ओळख झाली कीं पुष्कळसें भय आपोआप उतरतें.

इतकें करूनही स्वच्छ आकाश असतां ती घराबाहेर पडेनाशी झाली, आठवडेच्या आठवडे झोंप वा अन्न जाईना, तर तो दुबळेपणा न समजतां वैद्याचें काम समजावें. मनोविकारांचे वैद्य अशा भयावर त्याला थोडें थोडें सामोरें जाण्याचा अभ्यास करवितात, व त्याचा गुण येतो. ताप आल्यावर आपण मुलीला "भित्यापाठीं ताप" असें म्हणत नाहीं.

घरीं राहणाऱ्यांसही कर्तव्यें आहेत. त्या प्रांतांत एप्रिल ते जून हा वावटळींचा मुख्य हंगाम, आणि दुपारीं चार ते रात्रीं नऊ ही मुख्य वेळ. त्या दिवसांत त्यांचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें, म्हणजे त्यांची ती वेळ आपली रात्रीं अडीच ते सकाळीं साडेसात. आईनें तीन महिने या वेळीं जागून काढले तर मुलीला वादळाबरोबर आईच्याही प्रकृतीची काळजी वाहावी लागेल. आमच्या घरांत आतां असा नियम ठरला आहे कीं इशारा असतां पुण्याहून कोणीं फोन करावयाचा नाहीं. वर आल्यावर पुतणीनें एका शब्दाचा निरोप पाठवावयाचा: "वर". तो शब्द पहाटे आला कीं वहिनी देवापुढें दिवा लावतात आणि मग झोंपतात. देवाचें स्मरण जरूर करावें, पण तळघराचें झांकण आपणच सरकवावें लागतें. आमच्या मंडळींनीं त्या संध्याकाळीं दोन्ही कामें केलीं, आणि एकानें दुसऱ्याला अडथळा झाला नाहीं.

तेव्हां, भगिनी, आपल्या पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें, कीं मुलीला अवश्य जाऊं द्यावें. त्या मुलुखांत लाखों संसार सुखानें चालले आहेत, आणि नवऱ्याबायकोनें एका धास्तीपायीं दोन खंडांत राहावें हें कोणत्याच वावटळीपेक्षां कमी नुकसानीचें नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं भय काढावयाच्या खटपटींत पडूं नये. तिच्या सामानांत लोणचीं, मेतकूट, भाजणी जें बांधावयाचें तें बांधावें, पण "घाबरूं नकोस" हें वाक्य तेवढें बांधून देऊं नये. तें आम्हीं एकदां दिलें होतें आणि त्यानें दोन महिने एक आई व एक लेंकरूं न्हाणीघरांत बसून राहिलीं. त्याऐवजीं तिला विचारावें, "वारा सुटला तर तूं कोठें जाणार आहेस?" आणि तिचें उत्तर पुरें होईपर्यंत, न हंसतां, ऐकून घ्यावें.